आधी बांध, मग शेत: वेबपानावरचा परिच्छेद कसा घडतो

गेल्या दिवाळीत आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका पहिल्यांदाच इंटरनेटवर चढली. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी वाचनालयाच्या आठवणी लिहून दिल्या होत्या. वहीत नेटके परिच्छेद, प्रत्येकाची पहिली ओळ जरा आत, आणि शेवटी आठ ओळींची कविता. टाइप केलेली फाइलही नीट होती. मी ती उचलून पानाच्या कोडमध्ये टाकली. पान उघडलं, तर सगळा मजकूर एकच सलग गठ्ठा, आणि कविताही त्यातच विरघळलेली. संध्याकाळी बाईंचा फोन आला, "अरे, माझे पॅरे कुठे गेले?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं म्हणून हा लेख. तुम्ही ब्लॉग लिहीत असाल, संस्थेचं संकेतस्थळ सांभाळत असाल किंवा दिवाळी अंक ऑनलाइन आणायच्या खटपटीत असाल, तर बाईंवर आलेली वेळ तुमच्यावरही येऊ शकते. कारण फार छोटं आहे. ते एकदा समजलं की वेबपान कसं विचार करतं, याचाच अंदाज येऊ लागतो.

एंटर मारला होता, तो गेला कुठे?

कुठेही गेला नाही. फाइलमध्ये तो आजही आहे. ब्राउझरने तो वाचला आणि त्याची एक साधी स्पेस करून टाकली.

वेबपानं ज्या भाषेत लिहितात ती एचटीएमएल. तिचा नेम असा की मजकुरात सलग कितीही स्पेसा, टॅब किंवा नव्या ओळी आल्या, तरी त्या सगळ्या मिळून एकच स्पेस मोजायची. तुम्ही दहा वेळा एंटर मारा, ओळीच्या सुरुवातीला वीस स्पेसा देऊन मजकूर आत सरकवा, दाखवताना ब्राउझर त्याची एकच मोकळी जागा करतो.

पहिल्यांदा ऐकताना हा आडमुठेपणा वाटतो, पण त्याला कारण आहे. कोड लिहिणारे लोक स्वतःला वाचायला सोपं जावं म्हणून ओळी तोडतात, मजकूर आत-बाहेर सरकवतात. ती त्यांची कामाची सोय असते, वाचकासाठी नसते. शिवाय तेच पान हातातल्या फोनवरही उघडणार आणि टेबलावरच्या मोठ्या पडद्यावरही. लिहिणाऱ्याने जिथे ओळ तोडली तिथेच ती तोडायची म्हटली, तर फोनवर निम्म्याहून जास्त ओळी अर्ध्यातच मोडून पडतील. म्हणून ओळ कुठे तोडायची हे रुंदी बघून ब्राउझरच ठरवतो.

मोडी कागद पाहिला असेल तर ही गोष्ट लगेच कळेल. आधी शिरोरेघ आखून घ्यायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं ओढत जायची. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. कुठे एक मुद्दा संपून दुसरा सुरू झाला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचं. मोडी वाचणाऱ्याला अर्थ कळतो, म्हणून त्याचं भागतं. ब्राउझरला अर्थ कळत नाही, त्याला ते सांगावं लागतं.

(या नेमाचा एक उपद्रव मराठी मजकुराला फार होतो. पीडीएफमधून मजकूर उचलला की कधी कधी ओळीच्या टोकाला तुटलेला शब्द तसाच येतो. 'महा' एका ओळीत, 'राष्ट्र' पुढच्या ओळीत. ब्राउझर मधल्या नव्या ओळीची स्पेस करतो आणि पानावर 'महा राष्ट्र' दिसतं. मुद्रितशोधनात हे शंभरदा सापडतं.)

सांगायचं म्हणजे काय करायचं?

खूण करायची. छापखान्यात हस्तलिखित खिळे जुळवायला जाण्याआधी संपादक त्याच्या समासात खुणा करायचा: हे शीर्षक, हे ठळक, इथून नवा परिच्छेद. त्या खुणा छापल्या जात नसत, त्या जुळाऱ्यासाठी असत. इंग्रजीत या कामाला मार्कअप म्हणत. एचटीएमएलमधला 'एम' त्याच मार्कअपचा.

वेबवरच्या अशा खुणेला टॅग म्हणतात. टॅग कोनी कंसात लिहितात. परिच्छेदाच्या टॅगचं नाव आहे 'पी'. प्रत्यक्ष कोडमध्ये ही नावं रोमन अक्षरांत असतात, इथे वाचायच्या सोयीसाठी मी ती देवनागरीत देतो आहे. परिच्छेद सुरू होताना ‹पी› लिहायचं आणि संपताना ‹/पी›. तिरकी रेघ म्हणजे 'संपलं'. असं:

‹पी›वाचनालय सुरू झालं तेव्हा कपाट एकच होतं.‹/पी›
‹पी›पुढे पुस्तकं वाढली आणि जागा अपुरी पडू लागली.‹/पी›

ही दोन वाक्यं कोडमध्ये एका ओळीत लिहा, नाहीतर मध्ये पन्नास ओळी सोडा, पानावर दोन परिच्छेदच दिसतील. ब्राउझर फक्त खूण पाहतो.

आधी तो बांध होता

आज आपण ‹पी› आणि ‹/पी› यांच्यामध्ये परिच्छेद ठेवतो. वेबच्या सुरुवातीला मात्र असं नव्हतं, आणि आजचे बरेच घोळ त्या जुन्या पद्धतीतून आलेले आहेत. म्हणून इथे थोडं थांबू.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला, आणि १९९१ मध्ये टॅगांची एक छोटी यादी लिहिली. त्यांनी हे सगळं शून्यातून काढलं नव्हतं. सर्नमध्ये दस्तऐवज लिहायला एसजीएमएल ही खुणांची पद्धत वापरात होती, बरेचसे टॅग तिथलेच. त्या यादीत ‹पी› चा अर्थ होता, 'इथून नवा परिच्छेद'. बंद करायची भानगड नाही. वेबवरच्या पहिल्यावहिल्या पानाचा कोड आजही उघडून पाहता येतो. त्यात वाक्य संपतं, मग एकटा ‹पी› येतो आणि पुढचा मजकूर सुरू होतो.

म्हणजे तेव्हा ‹पी› हा दोन शेतांमधला बांध होता. अलीकडे एक शेत, पलीकडे दुसरं. बांधाला नाव होतं, शेताला नव्हतं.

नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएलची दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून लिहिली गेली आणि तिथे ‹पी› चा अर्थ बदलून पक्का झाला. आता ‹पी› म्हणजे शेतच. त्याला सुरुवात, शेवट आणि मधला मजकूर. बदल बारीक दिसतो, पण त्याने पुढचं सगळं शक्य झालं. बांधाला तुम्ही एवढंच सांगू शकता की तू रुंद हो किंवा अरुंद हो. शेताला मात्र सांगता येतं की याचा रंग असा, याची भाषा मराठी, याची पहिली ओळ आत घे, याला अमुक नाव दे आणि त्या नावाने बाहेरून दुवा जोडू दे. शेत नावावर असल्याशिवाय सातबारा निघत नाही, तसंच हे.

जुनी पानं मोडू नयेत म्हणून बंद करणारा टॅग मात्र ऐच्छिकच ठेवला, आणि तो आजही ऐच्छिक आहे. मध्यंतरी, जानेवारी २००० मध्ये, एक्सएचटीएमएल नावाची कडक शिस्तीची आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक टॅग बंद करणं सक्तीचं होतं. पान त्या कडक पद्धतीने पाठवलं आणि एक टॅग जरी उघडा राहिला, तरी पानाऐवजी 'कोडमध्ये चूक आहे' असा संदेश दिसायचा. जगभरच्या लोकांनी हाताने लिहिलेल्या पानांना ही शिस्त झेपणारी नव्हती. शेवटी एचटीएमएलचीच जुनी, सांभाळून घेणारी वाट पुढे चालू राहिली. मला तो निर्णय योग्य वाटतो. वाचनालयाचं पान एका विसरलेल्या तिरक्या रेघेपायी उघडूच नये, यात वाचकाचं काही भलं नाही.

बंद केलं नाही, तर शेत संपलं हे त्याला कळतं कसं?

पुढचं शेत सुरू झालं की आधीचं संपलं, असं तो धरतो. परिच्छेदाच्या पोटात परिच्छेद असू शकत नाही. त्यामुळे दुसरा ‹पी› दिसला की ब्राउझर पहिला मुकाट्याने बंद करतो.

हाच नेम इतर मोठ्या घटकांनाही लागतो. वेबपानावरच्या वस्तू ढोबळमानाने दोन जातींच्या. काही ओळीत मावणाऱ्या: ठळक शब्द, दुवा, तिरपी अक्षरं, चित्रसुद्धा. काही पूर्ण पट्टा अडवणाऱ्या: शीर्षक, यादी, तक्ता, किंवा ‹डिव्ह› नावाचा सर्वसाधारण चौकोन. पहिल्या जातीचं काहीही परिच्छेदात चालतं. दुसऱ्या जातीचं चालत नाही. ते आलं की परिच्छेद तिथेच संपतो, तुम्ही तो संपवला नसला तरी.

आता नेहमीची चूक पाहू. समजा तुम्ही ‹पी› उघडला, चार वाक्यं लिहिली, मध्येच सूचनेचा चौकोन म्हणून एक ‹डिव्ह› घातला, मग आणखी दोन वाक्यं लिहिली आणि ‹/पी› ने शेवट केला. तुमच्या डोळ्यांना हा एक परिच्छेद. ब्राउझर मात्र ‹डिव्ह› दिसताच परिच्छेद मिटतो. चौकोनानंतरची दोन वाक्यं कोणत्याच परिच्छेदात राहत नाहीत, उघड्यावर पडतात. शेवटचा ‹/पी› दिसतो तेव्हा मिटायला काही उघडंच नसतं. अशा वेळी तो एक रिकामा ‹पी› निर्माण करतो आणि लगेच मिटतो. एका परिच्छेदाचे झाले: एक अर्धा, दोन वाक्यं बेवारस, आणि एक पोकळ. मग "शेवटच्या दोन ओळींचा फॉन्ट वेगळा का येतोय?" म्हणून दुपार जाते. हे मी केलेलं आहे.

यादीचं प्रकरण याहून नाजूक. मराठीत आपण सहज लिहितो, 'अर्जासोबत पुढील कागद आणावेत', मग खाली चार कलमं, आणि मग 'हे सर्व कागद साक्षांकित असावेत'. अर्थाने हा एकच परिच्छेद. एचटीएमएलच्या हिशेबाने मात्र यादी परिच्छेदात बसत नाही, म्हणून हे तीन तुकडे: परिच्छेद, यादी, परिच्छेद. एचटीएमएलच्या प्रमाण नियमावलीत याचा उघड उल्लेख आहे. तिथे परिच्छेद ही रचनेची कल्पना मानली आहे, तर्काची नाही. तिन्ही तुकडे एकत्र राखायचे असतील तर त्या सगळ्यांभोवती एक ‹डिव्ह› घालावा.

दोन परिच्छेदांमधली जागा कोण ठरवतं?

‹पी› ठरवत नाही. १९९१ च्या त्या यादीतही परिच्छेद दिसेल कसा, पहिली ओळ आत घ्यायची की मध्ये जागा सोडायची, हे मुद्दामच मोकळं ठेवलं होतं. टॅग सांगतो की ही वस्तू काय आहे. ती दिसावी कशी हे सांगायला वेगळी भाषा आहे, सीएसएस. तिची कल्पना होकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली.

तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर ब्राउझर आपल्या सवयीने परिच्छेदाच्या वर आणि खाली एक 'एम' इतकी जागा सोडतो. एम म्हणजे त्या मजकुराच्या अक्षराचा आकार. अक्षर १६ पिक्सेलचं असेल तर जागाही १६ पिक्सेलची.

इथे हिशेब करणारा वाचक अडेल. पहिल्याच्या खाली १६, दुसऱ्याच्या वर १६, म्हणजे मध्ये ३२ हवेत. दिसतात मात्र १६ च. कारण बांध सामाईक असतो. दोन शेजाऱ्यांनी आपापल्या बाजूने हातभर जागा सोडायचं ठरवलं, तर ब्राउझर दोन हात मोजत नाही, एकच मोजतो. दोघांचं माप वेगळं असेल तर मोठं धरतो.

रिकामे ‹पी› एकाखाली एक टाकून जागा वाढवायचा प्रयत्न फसतो तोही यामुळेच. शेतच नसेल तर त्याचे वरचे-खालचे बांध एकमेकांत मिळून जातात आणि जागा तेवढीच राहते. मग लोक त्या रिकाम्या परिच्छेदात न दिसणारी, न मोडणारी स्पेस भरतात. जागा वाढते खरी, पण आता पानावर कुणीही न लिहिलेले परिच्छेद तयार झालेले असतात.

आपल्या पुस्तकांची रीत वेगळी आहे. छापील मराठी पुस्तकात परिच्छेदांमध्ये सहसा जागा सोडत नाहीत, पहिली ओळ आत घेतात. वेबवरही ते करता येतं. सीएसएसमध्ये वरची-खालची जागा शून्य करायची आणि पहिली ओळ दीड-दोन एम आत घ्यायची. दोन्ही मात्र एकदम करू नयेत. नवा परिच्छेद सुरू झाला हे एकदा सांगितलं की पुरे. बाईंच्या लेखाला मी पुस्तकी रीतच ठेवली.

"दोनदा ‹बीआर› टाकलं की तसंच दिसतं. मग बिघडलं कुठे?"

हा आक्षेप सर्वांत जास्त येतो आणि तो रास्त आहे. ‹बीआर› म्हणजे 'ओळ इथे तोड'. तो दोनदा टाकला की मध्ये एक मोकळी ओळ दिसते. डोळ्यांना परिच्छेद वाटतो.

पण पान सगळेच डोळ्यांनी वाचत नाहीत. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर वापरतात. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. एनव्हीडीए हा त्यातला एक, कुणालाही मोफत मिळणारा. अशा वाचकाला परिच्छेदागणिक पुढे-मागे उडी मारता येते. आपण डोळ्यांनी चाळतो, तसं तो कळांनी चाळतो. या उड्या परिच्छेदांच्या खऱ्या सीमांवर उभ्या आहेत. आख्खा लेख एका ‹पी› मध्ये कोंबून आत ‹बीआर› पेरले असतील, तर खुणेच्या हिशेबाने तो एकच लांबलचक परिच्छेद.

कमी दिसणाऱ्यांचं आणि वाचनाची अडचण असणाऱ्यांचंही तसंच. वेबपानं सर्वांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत. त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत म्हटलं आहे की वाचकाने आपल्या सोयीसाठी परिच्छेदानंतरची जागा अक्षराच्या दुप्पट केली, तरी पानावरचा मजकूर कापला जाऊ नये. भारतातल्या सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वंही याच निकषांवर बेतलेली आहेत. आता वाचकाने 'परिच्छेदानंतर दुप्पट जागा' असं सांगितलं आणि पानावर परिच्छेदच नसले, तर ती जागा कुणाला लागू व्हायची? ‹बीआर› ला असं काही सांगता येत नाही.

यंत्रांचीही तीच अडचण. फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये जाहिराती, पट्ट्या बाजूला काढून नुसता लेख दाखवणारं वाचन-दृश्य आहे. पानावरच्या गर्दीत खरा लेख कुठला हे त्यामागचा कोड परिच्छेदांचे टॅग, मजकुराची लांबी आणि चक्क स्वल्पविराम मोजून ओळखतो. ओळीने आलेले ‹बीआर› दिसले तर आधी त्यांचे ‹पी› करून घेतो. लोकांनी वर्षानुवर्षं केलेली चूक दुरुस्त करणारा वेगळा कोड त्यांना लिहावा लागला.

मग ‹बीआर› वापरायचाच नाही का?

वापरायचा, कवितेसाठी. पत्त्यासाठीही. जिथे ओळ तुटणं हा मजकुराचाच भाग आहे, तिथे तो टॅग हक्काचा. ओवीचं किंवा अभंगाचं एक कडवं म्हणजे एक ‹पी›, आणि आतल्या चरणांच्या शेवटी ‹बीआर›. दोन कडव्यांमध्ये मात्र ‹बीआर› नको, तिथे नवा ‹पी›. बाईंची आठ ओळींची कविता अशीच बसली: दोन ‹पी›, प्रत्येकात तीन ‹बीआर›.

मराठी परिच्छेदाची वेगळी गरज

शेत नावावर झालं की त्याची भाषा नोंदवता येते. ‹पी› मध्ये किंवा पूर्ण पानासाठी 'लँग' हा गुणधर्म लिहून मराठीचा संकेत 'एमआर' द्यायचा. हे फार थोडे लोक करतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. मराठी आणि हिंदीची लिपी एक, पण आपला ल आणि श हिंदीच्या वळणाचा नाही. संगणकात दोन्हींचा संकेतांक एकच आहे. ज्या फॉन्टात मराठी वळणाची सोय आहे, तो ते वळण भाषा सांगितली तरच काढतो. स्क्रीन रीडरलाही मराठी आवाज निवडायचा की हिंदी, हे याच नोंदीवरून कळतं.

दुसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची. रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या पानांवर हे अंतर कमी असतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. वरच्या ओळीत 'राष्ट्र' आणि नेमकं त्याच्याखाली पुढच्या ओळीत 'सर्वांनी' सारखं काही आलं की दोन ओळी एकमेकींना टेकतात. सीएसएसमध्ये ओळीची उंची अक्षराच्या दीडपट किंवा थोडी जास्त ठेवा. आणि दोन्ही कडा सरळ जुळवायच्या मोहात फोनसाठी तरी पडू नका. मराठी शब्द लांब असतात. अरुंद पडद्यावर ते ओढून बसवले की मध्ये मोठमोठी भगदाडं पडतात.

"मी कोड लिहीतच नाही, मला याचं काय?"

तुम्ही लिहीत नाही, तुमचा संपादक-प्रोग्राम लिहितो. वर्डप्रेससारख्या ठिकाणी नुसता एंटर मारला की तो मागे नवा ‹पी› तयार करतो. शिफ्ट दाबून एंटर मारला की ‹बीआर›. दोन्ही पडद्यावर ओळ खाली आणतात, म्हणून फरक जाणवत नाही. एंटरने फार जागा सुटते म्हणून शिफ्ट-एंटरची सवय लावून घेतलेले पुष्कळ जण मी पाहिलेत. ती जागा कमी करणं हे सीएसएसचं काम आहे, पानाची सजावट सांभाळणाऱ्याला सांगा. आणि वर्डमधून मजकूर आणताना 'साधा मजकूर म्हणून पेस्ट करा' हा पर्याय निवडा, नाहीतर परिच्छेदांसोबत वर्डच्या स्वतःच्या खुणांचा पसाराही येतो.

आपल्या पानावर काय झालं आहे हे पाहायचं असेल तर संगणकावर कंट्रोल आणि यू एकदम दाबा. पानाचा कोड उघडेल. त्यात तुमचं एखादं वाक्य शोधा आणि त्याच्या आधी काय लिहिलं आहे ते बघा.

बाईंचा लेख मी असाच पुन्हा बसवला. टाइप केलेल्या फाइलमध्ये एका ठिकाणी वाक्य अर्ध्या ओळीत संपून पुढचं खालच्या ओळीवर सुरू झालं होतं. तिथे नवा परिच्छेद होता की टाइप करताना चुकून एंटर लागला होता, हे फाइलवरून सांगता येईना. फोन केला. बाईंनी वही काढली, ती दोन वाक्यं मला वाचून दाखवली, आणि जरा थांबून म्हणाल्या, "वहीत सलग आहे रे. पण आता वाचताना वाटतंय, इथे तोडच. कपाट गेलं तिथे एक गोष्ट संपते."

मी तिथे ‹/पी› लिहिला आणि खाली नवा ‹पी› उघडला.